नळी धुतली होतीस का, हिरामण?

हिरामण, तू गेलास ते गेलास, पण नळी धुतली होतीस की नाही एवढं तरी सांगून जायचं होतंस.

तू म्हणशील, हा तोताराम माझ्या दहाव्याहून आला आणि लागला नळीचं विचारायला. हो, लागलो! माणसं तुझे गुण आठवून डोळे पुसत होती आणि माझ्या डोक्यात वाळू खुळखुळत होती. घरी आलो तर पुढ्यातली भाकरी गिळवेना. बायको म्हणाली, "फार लागलं हो तुम्हाला हिरामणभाऊंचं." लागलंय. कसं नाही लागणार? पण दुःखाला नीट टेकायला जागाच मिळत नाहीये, सगळी जागा धास्तीने अडवलीय. तुझ्यासाठी मोकळं रडायचं तर आधी त्या नळीचं काय ते कळलं पाहिजे.

मोटार माझी आणि इब्राहिमची, भागीतली. मी चालवतो, तो तिकिटं फाडतो आणि भट्टी सांभाळतो. सकाळी जळगाव सोडायचं, एरंडोल, पारोळा करत धुळे गाठायचं आणि दिवस मावळायच्या सुमाराला परत. लढाई लागली, पेट्रोल कुपनावर गेलं, आणि सगळ्यांसारखी आम्हीही मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधली. कोळशाचा गॅस करायचा, तो गाळणीतून गाळायचा आणि इंजिनाला पाजायचा. तुला ते भारी आवडलं. मला नाही. रोज सकाळी भट्टीचा पंखा फिरवून इब्राहिमचे खांदे भरून यायचे, उतारू खोकायचे, चढ आला की निम्म्या लोकांना खाली उतरवून मोटार वर न्यायची. तू आपला म्हणायचास, "बठ्ठं ठीक व्हई," सगळं ठीक होईल. तुला काय, भट्टीपुढे जन्मलेला तांबट तू. धूर तुला घरचाच.

त्यात आपल्या इंजिनाचं इनटेक, म्हणजे श्वास घ्यायचं तोंड, पेट्रोलसाठी केलेलं. अरुंद. गॅस त्यातून पुरायचा नाही. शेवटी तेही तडकलं आणि मोटार बसली ती बसलीच. तू कुठल्याशा भंगारातून एका मोठ्या लॉरीचं इनटेक शोधून आणलंस आणि माझ्यासमोर ठेवलंस, जणू काही नवसाचं पोर. मी बघितलं. भोकाला भोक जुळत नव्हतं. तोंडाला तोंड जुळत नव्हतं. वर ते आपल्या इंजिनाला लावलं की भलत्याच बाजूला बघायचं, गॅस इकडून यायचा आणि हे तोंड तिकडे. मी कपाळाला हात लावला.

"जमाडसु ना भो. कसाले घाबरस?"

हे तुझं नेहमीचं. मी घाबरायचं आणि तू विचारायचं, कशाला घाबरतोस.

काम करताना तुला बघायला मात्र मजा यायची, हे कबूल. पट्टी नाही, माप नाही. इंजिनाच्या तोंडाला दिव्याची काजळी फासलीस, वर जाड कागद दाबलास, की सगळी भोकं कागदावर काळी उमटली. दुसरा कागद नव्या इनटेकवर. दोन्ही कागद एकावर एक धरून उन्हात बघितलेस आणि हसलास. कापसाच्या जिनिंगच्या भंगारातला पितळी पाटा घेऊन कानशीने घासत बसलास, एका अंगाला जुनी भोकं, दुसऱ्या अंगाला नवी. तो पाटा मी बसवून बघितला. असा बसला की कागदसुद्धा शिरेना. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तू आणखी चढून बसला असतास.

राहिली होती गाळणीपासून त्या तोंडापर्यंतची नळी, वळण घेऊन जाणारी. तिला तांबं पाहिजे. लढाईत तांबं आणायचं कुठून? तू सरळ घरात गेलास आणि न्हाणीतला बंब उचलून आणलास. मागून कौतिकवहिनी धावत, "आवो, त्याम्हा पानी तपी ऱ्हायनं ना!" पाणी अंगणात ओतलंस, बंबाच्या पोटातली धुराची नळी काढून घेतलीस, आणि बायकोला म्हणालास, लढाई संपली की नवा करून देतो. तेव्हापासून तुझ्या घरी आंघोळीचं पाणी चुलीवर तापतंय. वहिनी मला बघितलं की म्हणायच्या, "आला बंब खाणारा." 

आणि मग आपलं भांडण. ते संपलंच नाही रे, हिरामण.

मी म्हणालो, नळीचे दोन तुकडे कर, तिरके काप, कोपऱ्यात डाग देऊन झाळून टाक, सुटलो. तू म्हणालास, नाही, एकसंध वळणच पाहिजे, कोपऱ्यात गॅस अडखळतो आणि मग चढावर मोटार रडते. आता वळण द्यायचं म्हणजे नळीत आधी गिरणा नदीची वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्टे मारायचे, मग लाल करून वाकवायची. वाळू नसली तर नळी चेमटते. आणि वाळू म्हटली की मला घाम फुटतो! लाल तांब्याला आतून कण चिकटून बसतात, झटकून पडत नाहीत. पुढे मोटार धावली, नळी तापली, हादरली, की एकेक सुटतो आणि सरळ सिलिंडरात. गाळणी मागे राहिली, वाटेत अडवायला कुणी नाही. आज पिस्टन कुठे मिळतोय? इंजिन गेलं की मोटार भंगारात आणि इब्राहिम नि मी रस्त्यावर.

"वाळू राहिली तर?" मी विचारलं.

"नई ऱ्हात."

"पण राहिलीच तर?"

"तर मी खाई टाकसु बठ्ठी!" हातोडा आपटलास. "आनि तुले कोपराच पाहिजे तर दुसराकडे जाय."

मीही चप्पल पायात सरकवली आणि निघालो. जाताना म्हणालो, तुझ्या वळणापायी एक दिवस माझी मोटार जाईल. तू मागून काही बोललास, ते मला ऐकू आलं नाही. काय बोललास ते आता कुणाला विचारू? त्या दिवशी तू नळी वाकवलीस, एवढं कळलं. मग तुला ताप भरला.

भेटायला आलो तेव्हा कपाळाला हात लावला तर चटका बसला. नळीचं विचारायची ती वेळ होती का? तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "भोंगा वाजना का?" मोटार दारात मोडून पडलेली, भोंगा कुठला वाजतोय! मला वाटलं, तापात बरळतोयस. "वाजला वाजला," म्हणालो, आणि तू झोपलास.

तो आपला भोंगा, आठवतो ना? मोटारीला तुझ्या हातचं काही नवं बसवलं की पहिल्या खेपेहून येताना मी तुझ्या कोपऱ्यावर भोंगा वाजवायचो. सुखरूप आलो, एवढंच. की तू बाहेर, हातात भाकरी, गाल फुगलेला. दरवेळी तेच! "अरे खादाडा, दिवस मावळत नाही तोवर ताटावर बसलास?" मी ओरडायचो. तू तोंडातल्या घासामुळे बोलायचा नाहीस, नुसता हात हलवायचास. इब्राहिम म्हणायचा, "तांबट के घर में चूल्हा बुझताही नहीं."

आणि तुझं ते पाणी. तुमच्या तांबटांच्या घरात नवा हंडा झाला की त्यात पाणी भरायचं आणि पहिला घोट घडवणाऱ्याने घ्यायचा, मग गिऱ्हाइकाला द्यायचा. हंड्याचं ठीक आहे बाबा. तू इंजिनाच्या नळ्यांनाही तीच रीत लावलीस. चिंचेने घासायची, धुवायची, एक तोंड ओल्या मातीने लिंपायचं, पाणी भरून राखेवर उभी करायची. राख ओली झाली नाही म्हणजे झाळ पक्की. मग मला बोलवायचास आणि माझ्यासमोर तेच पाणी तोंडात घ्यायचास. डोळे मिटून, दातांतून फिरवत, सावकाश. मग गिळायचास. "डोयाले दिसत नई, ते दातेसले समजस." आणि नळी माझ्यापुढे, "ले, पी."

मी काय बैल आहे पन्हळीला तोंड लावायला? कधीच प्यायलो नाही. गरजही नव्हती. तू घोट गिळलास की माझ्या पोटातला गोळा जायचा. इतकी वर्षं मी तुझ्या घशावर मोटार हाकली. आता तो गोळा कुणी घालवायचा?

दहाव्याला तर कमालच झाली. तलावावर पिंड ठेवला, आम्ही मागे सरलो, आणि कावळा आलाच. थांबणं नाही, हात जोडणं नाही, कुणाला काही कबूल करावं लागलं नाही. तुझे चुलते, रावजी नाना, तांबटआळीतले सगळ्यांत जुने कारागीर, डोळे पुसत म्हणाले, "सुटला. काही अडकलेलं नव्हतं माझ्या पोराचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. पण मनात म्हटलं, कावळ्याला इंजिनातलं काय कळतंय! 

उद्या सकाळी तुझ्या घरी जायचंय, नळी आणायला. विचारायचं कसं, तेच समजत नाही. नवरा जाऊन इतकेच दिवस झालेत, आणि मी त्या माउलीला विचारू, तुमच्या नवऱ्याने काम नीट केलं होतं का? आणि न विचारता बसवली, आणि एरंडोलच्या पुढे इंजिन खरडायला लागलं, तर? मोटार तर जाईलच. पण लोक काय म्हणतील? हिरामण तांबटाच्या शेवटच्या नळीने इंजिन खाल्लं. बाजारात तेवढंच उरेल तुझं. वीस वर्षांची भांडी, नळ्या, झाळकाम, सगळं विसरून तेवढंच. ते मला सोसणार नाही. मोटारीपेक्षा ते जास्त सोसणार नाही, खरं सांगतो.

वरचं लिहून ठेवलं त्याला काही दिवस झाले. आता पुढचं ऐक.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहिमला घेऊन तुझ्या घरी आलो. ओट्यावर रावजी नाना बसलेले. वहिनींनी आतून नळी आणली, तुझ्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. उलगडली. काय सांगू तुला! एका तोंडाला पितळी कडं, दुसऱ्या तोंडाला इनटेकवर बसणारी पितळी चकती झाळलेली, वळणावर हवेची झडप, आणि वळण असं गुळगुळीत की कुठे सुरकुती नाही. बाहेरून लखलखत होती. मी एका तोंडातून बोट घातलं, दुसऱ्या तोंडातून घातलं. वळण नेमकं बोटाच्या पलीकडे. 

"वहिनी," म्हटलं, आणि नळी हातात फिरवत राहिलो.

"चिंच मागितली होती त्यांनी," वहिनी आपणहून म्हणाल्या. "मी भिजत घातली. मग अंग तापलं म्हणून आत आले. त्याआधी बाहेरूनच घासली की आतूनही, ते नाही बघितलं मी."

इब्राहिम म्हणाला, "हिरामणभाई का हाथ है. लगा दे, तोताराम. क्या सोचता है?"

मी म्हणालो, "थोडं पाणी मिळेल का?"

नाना ताडकन उठले. "पाणी कशाला? हिरामणच्या हातची चीज कधी माघारी आली का रे? काल त्याचा दहावा झाला आणि आज तू परीक्षा घेतोस?"

माझे कान तापले. मलाही राग येतो, तुला माहीत आहे. पण नानांना काय बोलणार? म्हटलं, "परीक्षा नाही, नाना. त्याची रीत आहे. पहिला घोट घेतल्याशिवाय तो नळी द्यायचा नाही." नाना तोंड फिरवून खाली बसले.

वहिनींनी कळशी आणून ठेवली. मी एक तोंड मातीने लिंपलं, पाणी भरलं, झडप हातानं दाबली, नळी हलवली आणि तोंडाला लावली. आयुष्यात पहिल्यांदा. तांब्याची चव, थोडा धुराचा वास. तुझ्यासारखे डोळे मिटले. पाणी दातांतून फिरवलं.

कचकन दाताखाली आला. एक. मग दुसरा.

हिरामण! इंजिन वाचलं म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता, नाही झाला. समोर नाना, बाजूला इब्राहिम, दारात वहिनी, आणि माझ्या तोंडात गिरणेची वाळू. थुंकलो तर यांच्यासमोर तुझं नाव जातं. गिळलं आणि नळी लावली तर रस्त्यावर जातं. मी तसाच उभा, तोंड भरलेलं, डोळ्यांतून पाणी. गिळून टाकलं. म्हटलं, घरी नेऊन गुपचूप धुईन, कुणाला कळायचं कारण नाही.

"लागली ना वाळू?" वहिनी म्हणाल्या.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

"गिळलीत कशाला मग? ते थुंकायचे. त्या जास्वंदीपाशी." वहिनींनी बोट दाखवलं. जास्वंदीच्या बुडाशी जमीन वेगळीच दिसत होती, फिकी, रेताड. "पहिल्या पाण्याला लागायचीच. दुसऱ्यालाही. साखळी आत सोडून हलवायचे, पुन्हा चिंच, पुन्हा पाणी, पुन्हा थुंकायचे. दिवस जायचा त्यात. तुम्हाला बोलवायचे ते शेवटच्या पाण्याला."

नानांनी तोंड इकडे वळवलं होतं.

"आणि मला म्हणायचा, कशाला घाबरतोस!" मी म्हणालो. आवाज चढला माझा, तुझ्यावरच.

"ते घाबरत नव्हते असं वाटलं का तुम्हाला?" वहिनी हसल्या की रडल्या, मला सांगता येणार नाही. "नवं काम लावून मोटार गेली की त्या दिवशी घरात शांतता नसायची, भाऊ. अंगणातून आत, आतून अंगणात. भाकरी वाढली की म्हणायचे, ऱ्हाऊ दे, भोंगा वाजू दे आधी. सकाळपासून उपाशी. भोंगा वाजला की पहिला घास तोंडात घालायचे आणि धावायचे बाहेर."

मी ओट्यावर बसलो. मोकळं रडायचं म्हटलं होतं ना? रडलो. नानांनी पाठीवरून हात फिरवला. खादाड म्हणायचो मी तुला, हिरामण! आणि तू गालात घास धरून नुसता हात हलवायचास. एकदा तरी सांगायचंस. दोघं मिळून घाबरलो असतो रे.

मग वहिनींनी पदर खोचला. विहिरीच्या बादलीची जुनी साखळी आणली, नळीत सोडली, आणि अशी हलवली की वाटलं झाळ उकलते की काय. नाही उकलली. चिंच भिजत घातली. नाना स्वतः राख पसरून बसले आणि झाळ तपासत राहिले. आम्ही आळीपाळीने पाणी तोंडात घेतलं आणि जास्वंदीपाशी थुंकलं. इब्राहिमनेही. कण येत होते, मग कमी झाले, मग आले नाहीत. मला पटेना, मी आणखी एकदा धुवायला लावली. राख कोरडी राहिली. शेवटचं पाणी आधी वहिनींनी घेतलं, त्या घरचा घोट म्हणून. सावकाश फिरवलं, गिळलं आणि नळी माझ्यापुढे धरली.

"घ्या, प्या."

प्यायलो. चिंचेची आंबट चव होती आणि दुसरं काही नव्हतं. तू इतक्या वेळा पुढे केलंस ते पाणी असं लागतं होय!

मोटार निघाली त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात काही नाही. बायकोने कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, तो तसाच सीटखाली. गिरणा ओलांडली. पुढचा चढ आला, जिथे नेहमी निम्मी माणसं उतरवतो. इब्राहिम उठून दाराशी गेला, उतारूही सवयीने उठायला लागले. मी गियर बदलला आणि म्हटलं, बसून राहा. मोटार चढली. रडली नाही, धापली नाही. कोपऱ्याचं आणि वळणाचं भांडण तू जिंकलास, घे. मी मान एका बाजूला कलवून इंजिनाकडे कान लावून होतो. शेजारी बसलेल्या पारोळ्याच्या एका आबांनी विचारलं, "का हो डायव्हर, काही आवाज येतोय का?"

"नाही आबा," म्हटलं. "नाही येत, तेच ऐकतोय."

धुळ्यापर्यंत ऐकलं, धुळ्याहून परत येताना ऐकलं. एरंडोल गेलं तरी माझा हात कडकच. जळगावात शिरताना दिवस मावळत होता. तुझा कोपरा आला आणि मी भोंग्यावर हात ठेवला, मग काढला. कुणासाठी वाजवू? इब्राहिम मागून म्हणाला, "बजा ना." 

वाजवला.

दार उघडलं. कौतिकवहिनी बाहेर आल्या, हातात भाकरी, गाल फुगलेला. बोलल्या नाहीत. नुसता हात हलवला.